तंबाखूवाल्या खलीलची साक्ष

दर गुरुवारी दुपारची नमाज आटोपली की झेकेरिया एफेंदी दोन जिने चढून नेबाहत होजांच्या घरी येत आणि दाराशी बूट काढता काढता विचारत, "कुठवर पोचलो होतो, होजा?"

"दोनशे अकराव्या पानावर, होजा."

तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरी, चरखेवाल्यांच्या मोहल्ल्यात शाळेतल्या बाईंनाही होजा म्हणतात आणि मशिदीतल्या इमामालाही. त्यामुळे हे दोघं एकमेकांना होजाच म्हणत. स्वयंपाकघरातून नेबाहत होजांची धाकटी बहीण शुकूफे ओरडे, "दोन दोन होजा एका टेबलाशी! आता मोहल्ल्यात बाकीच्यांसाठी अक्कल उरली असेल का?" आणि चहाचं आधण ठेवी.

टेबलाशी चाले तो मुकाबला. भांडणाचा नव्हे, मजकुराचा. एकानं मूळ कागदाची छायाप्रत हाती धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं समोर बसून आपल्या नकलेतल्या शब्दाशब्दावर बोट ठेवत जायचं. रमजानात मशिदीत कुराण असंच वाचतात. जुने विद्वानही आपल्या पोथ्या अशाच तपासून घेत, कारण स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पान संपलं की झेकेरिया एफेंदी "पोचलो" म्हणत आणि नेबाहत होजा समासात पेन्सिलीची खूण करत. दोन वर्षं हे चाललं होतं. झेकेरिया एफेंदी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. इमामपदावरून निवृत्त होऊन त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती, पण आवाज अजून मशिदीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा होता. खालच्या मजल्यावरच्या बाईला दर गुरुवारी तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची भांडणं फुकटात ऐकायला मिळत.

नेबाहत होजांनी सरकारी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. विद्यापीठानं त्यांना कधी बोलावलं नाही आणि त्यांनीही कुणाचे उंबरठे झिजवले नाहीत. वडील रेशीम रंगवत. त्यांच्या नखांतला निळा रंग मरेपर्यंत गेला नव्हता. देशाची लिपी अरबीवरून रोमन झाल्यानंतर जन्मलेल्या बाकीच्या मुलांसारखंच नेबाहतलाही आजोबांच्या थडग्यावरचं नाव वाचता येत नव्हतं. ते एकदा तिच्या मनाला लागलं. मग एका म्हाताऱ्या कारकुनाकडे जाऊन ती जुनी अक्षरं शिकली, आणि शाळेला सुट्टी लागली की जुन्या मदरशातल्या ग्रंथालयात काझीची दफ्तरं वाचत बसू लागली. शेकडो दफ्तरं. कुणी कुणाची भिंत पाडली, कुणाची बायको माहेरी गेली, तबरीझहून आलेलं रेशीम कुणी ओलं करून विकलं.

दोन साम्राज्यांचा इतिहास लिहायचा तर विद्वान लोक राजधानीचे कागद पाहतात. नेबाहत होजांना प्रश्न पडला होता तो निराळाच. इस्तंबूलचा सुलतान आणि इराणचा शहा एकमेकांशी लढत असतात, मुल्ला-मौलवी एकमेकांना पाखंडी ठरवत असतात, तेव्हा बुर्साच्या बाजारात शेजारी शेजारी दुकान असलेली दोन माणसं सकाळी एकमेकांना काय म्हणतात? सलाम करतात की तोंड फिरवतात? याचं उत्तर त्या पस्तीस वर्षं शोधत होत्या. आता ते सगळं एका जाड ग्रंथात बांधून होत आलं होतं. वर्षअखेर हस्तलिखित छापखान्यात द्यायचं ठरलं होतं.

उत्तर त्यांना मिळालं होतं ते फार पूर्वी, १९८३च्या उन्हाळ्यात. एका दफ्तरात एक नोंद होती. चरखेवाल्यांच्या मोहल्ल्यातले बारा विणकर काझीपुढे उभे राहिले आणि इराणातल्या तबरीझच्या अल्लाहवेर्दी नावाच्या व्यापाऱ्याला जामीन राहिले. "हा आमचा शेजारी आहे. हाक माराल तेव्हा हजर होईल. न झाला तर आम्हाला विचारा." खाली साल होतं सत्त्याण्णव. आपण बोलताना "साठ साली" म्हणतो तसे काझीचे कारकून लिहितानाही पुष्कळदा शेकडा-हजार गाळत. दफ्तर हिजरी नऊशे सत्त्याण्णवचं होतं, तेव्हा साल उघड होतं. इंग्रजी मापानं १५८९. इराणशी चाललेल्या बारा वर्षांच्या लढाईतलं शेवटून दुसरं वर्ष. शत्रूच्या मुलखातल्या माणसाला ऐन लढाईत बारा विणकर जामीन राहिले!

त्यांनी त्यावर बावीस पानांचा लेख लिहिला. छोट्याशा त्रैमासिकात तो छापून आला, मग परदेशातल्या दोन-तीन जाड पुस्तकांनी त्याचा हवाला दिला. इतकंच झालं असतं तर लेख कपाटात राहिला असता. पण गल्लीच्या निवडून आलेल्या मुखियाला, इझ्झेतला, तो सापडला. इझ्झेत होजांचा जुना विद्यार्थी, इतिहासात दोनदा नापास झालेला. अलेप्पोहून सीरियन कुटुंबं येऊ लागली आणि मोहल्ल्यात कुरकुर सुरू झाली, तेव्हा त्यानं लेख वाचला आणि कॉफीच्या दुकानात उभं राहून सांगितला. "आपल्या वाडवडलांनी लढाईत इराण्याला पाठीशी घातलं. आपण या बिचाऱ्यांना नुसतं घर भाड्यानं देऊ शकत नाही?" अलेप्पोहून आलेल्या शिंपी मुनीबला घरमालकीण घर देईना, कारण त्याला जामीन कोण? पहिली सही इझ्झेतनं केली, दुसरी कॉफीच्या दुकानवाल्या हुलुसीनं. त्याला दोन वर्षं झाली होती. आता गल्लीच्या पाणपोईवर संगमरवरी दगड बसायचा होता : त्या बारा विणकरांची नावं आणि खाली १५८९. दगड कोरूनही झाला होता.

त्या गुरुवारी दोनशे अकराव्या पानापासून वाचन सुरू झालं आणि तासाभरात ती नोंद आली. नेबाहत होजांना ती पाठ होती. त्यांनी बोटसुद्धा ठेवलं नाही. शुकूफेनं आणून ठेवलेलं भाजलेलं चेस्टनट सोलत त्या ऐकत राहिल्या. झेकेरिया एफेंदींनी भिंग धरून बारा विणकरांची नावं वाचली, जामीन वाचला, साल वाचलं, आणि तसेच पुढे गेले.

"साक्षीदार : इमाम मुस्लिहुद्दीन. खाटीक रमजानचा मुलगा उमर..."

"थांबा होजा. हे माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे काय आहे?"

नेबाहत होजांनी पान पाहिलं. "'व इतर साक्षीदार.'"

"वा!" झेकेरिया एफेंदी मनापासून हसले. "बिचारे चांगले कपडे घालून काझीकडे गेले असतील, आणि तुम्ही त्यांना 'व इतर' करून टाकलंत!"

होजाही हसल्या. १९८३च्या त्या दुपारी पाच वाजायला आले होते. ग्रंथपाल किल्ल्या वाजवत फिरत होता आणि घरी आजारी आईला औषध द्यायचं होतं. साक्षीदारांची यादी प्रत्येक नोंदीखाली असते, त्यात नवं काही नसतं, म्हणून सगळेच ती गाळत. त्यांनीही गाळली होती.

"वाचा, लिहून घेते."

"खाटीक रमजानचा मुलगा उमर. चर्मकार अली. तंबाखूवाला खलील, अब्दुल्लाचा मुलगा. आणि..." त्यांनी मान वर केली. "माझा धाकटा भाऊ याच धंद्यात होता, अल्लाह त्याला माफ करो. म्हणजे तेव्हापासून लोक धूर काढतायत!"

पेन्सिल थांबली होती.

"परत वाचा, होजा. तो खलील."

त्यांनी वाचलं. मग काच नीट पुसून पुन्हा वाचलं. तंबाखूवालाच होता. अक्षर स्वच्छ होतं.

नेबाहत होजांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज अगदी साधा होता. "होजा, १५८९ साली या मुलखात तंबाखू नव्हती. यायला अजून दहा-पंधरा वर्षं होती. आणि तिचं दुकान थाटून काझीकडे 'तंबाखूवाला' म्हणून नाव लागायला त्याहून जास्त."

झेकेरिया एफेंदींना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी भिंग हळूच टोपीशेजारी ठेवलं. ते "पोचलो" म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेबाहत होजा ग्रंथालयात गेल्या. मूळ दफ्तर मागवलं. ते पान हाताला जाड लागलं आणि शिलाईचा दोरा शेजारच्या पानांपेक्षा पांढरा होता. कधीतरी दुरुस्ती करताना बांधणाऱ्यानं सत्त्याण्णव पाहून सत्त्याण्णवच्या दफ्तरात ते शिवून टाकलं होतं, आपलं काम चोख केल्याच्या समाधानात. मग त्यांनी एक हजार सत्त्याण्णवचं दफ्तर मागवलं. तेच जाड कागद, तोच शाईचा तपकिरी रंग, अलिफ या अक्षराला डावीकडे किंचित झोक देणारा तोच कारकून. एके ठिकाणी एक पान कमी होतं. त्याच्या पुढच्याच पानावर, चौथ्या ओळीत, खाटीक रमजानचा मुलगा उमर पुन्हा भेटला, यावेळी एका खेचराच्या भांडणात.

१५८९ नव्हे, १६८६. इराणशी तह होऊन तेव्हा जवळजवळ अर्धं शतक लोटलं होतं. त्या सरहद्दीवर लढाई नव्हती. बारा शेजारी एका शेजाऱ्याला जामीन राहिले, जसे हजार वेळा कुणी ना कुणी राहतच होते.

पुढचे तीन दिवस नेबाहत होजांनी बऱ्याच गोष्टी केल्या. आलमारी आवरली. गवती रंगाचा पडदा धुतला. शुकूफे पाहत होती. रविवारी मसुराचं सूप वाढता वाढता ती थोरल्या बहिणीला म्हणाली, "आब्ला, कुणी मेलं का?"

"नाही."

"मग तोंड असं का? पडदा आठ दिवसांपूर्वीच धुतला होता."

होजांनी सांगितलं. शुकूफेनं पोस्टात तेहेतीस वर्षं खिडकीवर काढली होती. तिला गोष्ट चटकन कळे आणि सल्लाही चटकन सुटे. "ग्रंथातून ती नोंदच काढून टाक. गुपचूप. हजार नोंदींत एक कमी झाली तर कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"आणि दगड?"

"दगड इझ्झेतचा आहे. त्यानं कोरला, त्यानं बघावं."

"माझ्या लेखावरून कोरलाय तो."

"चौतीस वर्षांपूर्वीच्या! तेवढ्यात माणसाचा खूनसुद्धा माफ होतो, आब्ला."

खरं म्हणजे हा विचार होजांच्या मनात आधीच येऊन गेला होता, म्हणून त्यांना शुकूफेचा राग आला. चूक सांगायची लाज त्यांना तितकीशी नव्हती. शाळेत फळ्यावर चुकलेलं साल त्या मुलांसमोर पुसत आल्या होत्या. पण या सालावर मुनीब शिंप्याचं घर उभं होतं. भाड्याचा करारनामा याच महिन्यात नवा करायचा होता. खोट्या सालानं एवढं चांगलं काम केलं, मग खरं साल कुणाच्या उपयोगाचं? ज्या बाईनं जन्मभर मुलांना "तारखा आधी, मत मागून" असं शिकवलं तिला हा प्रश्न पडावा, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

गुरुवारी झेकेरिया एफेंदी आले, पण त्यांनी कागद उघडले नाहीत.

"होजा, मी चाळीस वर्षं नमाज पढवली. एका थंडीत माझं चुकलं. चारऐवजी तीनच रकाती झाल्या, नमाजाची एक फेरी राहिलीच, आणि मी शेवटचा सलाम फिरवून मोकळा झालो. मागे कुणी ब्र काढला नाही. सगळ्यांना घरी जायची घाई, बाहेर बर्फ. बाहेर पडल्यावर सुतार बेक्तश म्हणाला, 'होजा, आज अल्लाहला सवलत दिलीत का?'"

"मग?"

"मग काय! उघड्या दारात उभं राहून हाका मारल्या. 'परत या, एक राहिली!' बायका खिडकीतून बघतायत, पुरुष बुटांत पाय घालता घालता शिव्या देतायत. अर्ध्याहून जास्त आलेच नाहीत. कोपऱ्यावरचा घड्याळवाला त्यानंतर वर्षभर दुसऱ्या मशिदीत जात होता."

"आणि तुम्ही?"

"जे आले त्यांच्याबरोबर पुरी केली." ते दाढी कुरवाळत म्हणाले, "मी तुम्हाला काही सांगत नाहीये. तुम्ही इतिहासाच्या होजा. मला फक्त बर्फ आठवला."

होजांनी त्यांना चहा दिला आणि शाल घेऊन खाली उतरल्या.

इझ्झेतच्या कचेरीत दगड भिंतीला टेकून ठेवला होता, वर जुनं ब्लँकेट. त्यानं उभं राहून खुर्ची पुसली, सगळं ऐकलं, आणि ब्लँकेट नीट ओढून घेतलं, जणू दगडानं हे ऐकू नये.

"होजा, कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग? गेली तीनशे वर्षं खलीलनं तोंड उघडलं नाही, नेमकं आत्ताच त्याला बोलायचं होतं?"

"मीच त्याला बोलू दिलं नव्हतं, इझ्झेत."

"मला इतिहासात दोनदा नापास केलंत, चालेल. आता अख्ख्या मोहल्ल्याला नापास करताय!" तो उठला, बसला. "हुलुसी निमित्तच शोधतोय. त्याचा मेव्हणा रोज कान भरतो. तुम्ही हे जाहीर केलंत की तो पहिला सही मागे घेईल. मग त्या मुनीबला घर कोण देणार? आणि तुमच्या खलीलचं काय भलं होणार?"

होजांनी शाल सावरली. त्या म्हणाल्या, "उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर सगळे कॉफीच्या दुकानात असतात ना? मी येते."

"तुम्ही? पुरुषांच्या कॉफीच्या दुकानात?"

"का? मला बसायला खुर्ची नाही मिळणार?"

खुर्ची मिळाली. नेबाहत होजा आत आल्या तेव्हा पत्ते टेबलाखाली गेले आणि पाच-सहा सिगारेटी एकदम विझल्या. त्यातले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते. पन्नाशीची माणसं ताठ उभी राहिली. होजांनी त्यांना खाली बसवलं आणि फळ्यासमोर सांगावं तसं सांगितलं : साल असं लिहितात, पान असं शिवलं गेलं, साक्षीदार मी गाळले, चूक माझी. दहा मिनिटं लागली.

मग कोपऱ्यातून एकानं विचारलं, "म्हणजे ते बारा जण होते की नव्हते?"

"होते."

"आणि इराणी?"

"तोही होता. जामीनही राहिले. फक्त लढाई नव्हती."

"मग त्यात काय एवढं?" हुलुसी टेबल पुसता पुसता म्हणाला. आवाजात राग नव्हता. सुटका होती. "तहाच्या दिवसांत जामीन कोणीही राहील. मी सही केली ती लढाईवाल्यांच्या नावावर केली होती, होजा. माझा बाप म्हणाला असता, वाडवडलांची रीत आहे, मोडू नको. आता रीतच नाही म्हणता, तर माझा हात मोकळा."

"तुझा हात तुझाच आहे, हुलुसी. माझ्या लेखाला बांधलेला कधीच नव्हता."

"ते खरं. पण बोट दाखवायला तुमचा लेख होता ना." त्यानं फडकं पिळलं. "इझ्झेत, नव्या कागदावर माझं नाव घालू नको."

इझ्झेत होजांकडे बघत नव्हता. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "सांगितलं होतं मी." आणि चार पावलं गेल्यावर, "दगडाची मागची बाजू गुळगुळीत आहे. तिकडे कोरून घेतो. पण १६८६ कोण वाचणार, होजा? त्यात कुणाला काय कळणार?"

"विचारतील. मग सांगायचं, शेजारी होते."

तो नुसताच "हं" म्हणाला.

मुनीबचं दुकान जिन्याखाली होतं, एक मशीन आणि एक इस्त्री मावेल एवढं. होजा तिथे स्वतः गेल्या, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यानं ऐकावं हे त्यांना बरं वाटलं नाही. त्याची बायको रझान बटणं लावत होती. दोघांनी काम थांबवलं. होजा सावकाश, सोप्या शब्दांत बोलल्या : लढाई, विणकर, चुकलेलं साल, हुलुसी.

मुनीबनं बायकोकडे पाहिलं, मग होजांकडे. "होजा, माफ करा. ही गोष्ट मला आजच कळतेय."

"इझ्झेतनं सांगितली नव्हती?"

"दगडाचं काहीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, कुणी शहीद असतील." तो ओशाळून हसला. "हुलुसी बेयनं सही केली ती मी त्याच्या मुलाचा सुंतेचा पोशाख शिवला म्हणून, असं मी समजत होतो. फार चांगला झाला होता पोशाख."

रझाननं त्याला अरबीत काहीतरी सुनावलं. तो गंभीर झाला. "महिनाअखेर आहे. दुसरं घर बघावं लागेल. बघू. तुम्ही चहा घ्याल?"

होजांनी घेतला. ग्लास हातात धरून त्या बसून राहिल्या आणि त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. पस्तीस वर्षं त्या जामिनाचे कागद वाचत होत्या. विणकरांचे, मोच्यांचे, विधवांचे, एकदा तर एका आंधळ्या वादकाचा. हजाराच्या वर नोंदी नकलून झाल्या असतील. स्वतः त्या आजवर कुणालाच जामीन राहिल्या नव्हत्या. कुणी मागितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"घरमालकीण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"इझमीरला असते. इझ्झेत बेय फोनवर बोलतो."

संध्याकाळी इझ्झेतचा फोन आला. आवाज जरा निवळला होता. "विचारलं, होजा. ती म्हणते, निवृत्त शिक्षिका, स्वतःचं घर, माणूस चांगलं. पण वय सदुसष्ट. एकटी नको म्हणते, हुलुसीच्या जागी दोघं द्या."

"बरं."

"दुसरं कोण आहे तुमच्याकडे?"

"आहे एक," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आधी त्यांनी छापखान्याला पत्र लिहिलं. हस्तलिखित या वर्षी येणार नाही. जिथे जिथे आपण "व इतर साक्षीदार" लिहून पुढे गेलो ती प्रत्येक नोंद मुळाशी पुन्हा ताडून पाहायची आहे. अशा नोंदी चारशेवर निघतील. त्रैमासिकासाठी दीड पानांची दुरुस्ती लिहिली. त्यात चूक कुणाची हे पहिल्याच वाक्यात घातलं, आणि ती कुणाच्या वाचनानं उघडकीस आली हे दुसऱ्यात. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. शुकूफे ऑलिव्ह तेलात लीकची भाजी परतत होती.

"शुकूफे, सोमवारी सकाळी इझ्झेतच्या कचेरीत यायचंय. ओळखपत्र घे."

"कशाला?"

"मुनीबला जामीन राहायचंय. मी आणि तू."

शुकूफेनं पळी भांड्यावर आडवी ठेवली. "मी? मला न विचारता?"

"विचारतेय ना आत्ता."

"याला विचारणं म्हणतात? पोस्टात याला नोटीस म्हणायचे!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्या माणसाशी मी आयुष्यात चार वाक्यं बोलले नाहीये. उद्या घर सोडून पळाला तर? मशीन डोक्यावर घेऊन अलेप्पोला गेला तर? इझमीरची बाई माझ्या दारात!"

"येईल दारात. तेव्हा आपण दार उघडायचं."

"आणि तुझा ग्रंथ?"

"पुढच्या वर्षी. नाहीतर त्याच्या पुढच्या."

"झेकेरिया एफेंदी तोवर जगणार आहेत का?"

"तेही विचारलं. म्हणाले, साक्षीदार सगळे वाचायचे असतील तर जगावंच लागेल."

शुकूफेनं भाजी पुन्हा हलवली. लीक जरा करपलं होतं. त्याबद्दल ती पुटपुटली, मग मीठ चाखलं, मग गॅस बारीक केला.

"त्याला कोट उसवून मोठा करता येतो का? गेल्या हिवाळ्यातला माझा होत नाहीये."

"येत असेल. नक्की माहीत नाही."

"माहीत नाही आणि जामीन राहायला निघालीस!" तिनं ताटं काढली, एक होजांच्या हातात दिलं. "किती वाजता म्हणालीस सोमवारी?"

"दहाला."

"साडेनऊला निघू. आधी त्याच्याकडे कोट टाकू."